वेदगंगेपासून वाडीपर्यंत : सायकलवरून पाहिलेली सीमा

ऱ्हाईन नदीच्या काठाने सायकलस्वारांसाठी आखलेला एक मार्ग आहे. स्वित्झर्लंडमधील आंदेरमाटच्या डोंगरांतून निघून तो नेदरलँड्समध्ये उत्तर समुद्राला जाऊन मिळतो. 'युरोवेलो १५' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गाची लांबी सुमारे १,५०० किलोमीटर आहे. वाटेत देश बदलतात, राज्यकारभाराच्या भाषा बदलतात, पाट्यांवरील अक्षरे बदलतात. सायकलस्वाराला मात्र सहसा कोठे उतरून आपली ओळख सांगावी लागत नाही. स्ट्रासबूर्ग हे फ्रान्समधील शहर आणि पलीकडील जर्मनीतील केल यांच्यामध्ये २००४ साली खास पादचारी व सायकलस्वारांसाठी एक पूल बांधण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात ज्या नदीच्या दोन्ही तीरांवर तोफा रोखलेल्या होत्या, तिच्यावरून आज माणसे सायकलने पलीकडे जाऊन भाजी आणतात.

या मार्गाविषयी आम्ही पुष्कळ वाचले होते. ते वाचताना प्रत्येक वेळी मनात येई, की आपल्याकडेही नद्या आहेत, दोन भाषा आहेत, दोन राज्ये आहेत आणि सायकलीही आहेत. मग आपल्या नदीकाठाने जाऊन पाहायला कोणी अडवले आहे? मार्ग कोणी आखून दिलेला नसला, तरी पाणंद आहे, बंधारे आहेत, उसाच्या गाड्यांनी खचलेल्या का होईना पण सडका आहेत. म्हणून गेल्या जानेवारीत, हुतात्मा दिन नुकताच होऊन गेला असता, एका शनिवारी आम्ही आणि आमचे एक तरुण स्नेही असे दोघे निपाणीहून निघालो. वेदगंगेच्या काठाने खाली जायचे, ती दूधगंगेला मिळते तेथपासून दूधगंगेची सोबत करायची, मलिकवाडजवळ राज्य ओलांडायचे आणि सायंकाळपर्यंत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला पोहोचायचे, असा बेत होता. आडवळणे धरून साठ किलोमीटरच्या आतबाहेरचा हा पल्ला. युरोपच्या मानाने तो फार नव्हे. परंतु आमच्या वयाच्या गुडघ्यांना पुरेसा.

सीमाभागात सायकल हे केवळ वाहन नाही, हे बेळगावकरांना सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घालण्यात आला. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात संभाजी उद्यानापासून काळ्या दिनाची सायकल फेरी निघते. दंडाला काळी फीत बांधलेली आजोबांची आणि नातवांची रांग आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. त्या फेरीत सायकल हळू चालवायची असते, कारण पोहोचण्याची घाई कोणालाच नसते. या वेळी आम्ही फीत बांधली नव्हती. मागणी मांडण्यासाठी निघालो नव्हतो. जिच्यासाठी मागणी मांडतो ती भाषा नदीकाठी कशी नांदते आहे, हे पाहण्यासाठी निघालो होतो.

पहाटेचे धुके दाट होते. हमरस्ता सोडून अक्कोळच्या दिशेने वळलो, तसा तंबाखूचा उग्र वास मागे पडला आणि उसाचा गोडसर वास सुरू झाला. निपाणीची ओळख एके काळी तंबाखू आणि विडी यांनीच होई. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ साली झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार जुन्या लोकांच्या बोलण्यात आजही येतो. आता नदीकाठची काळी जमीन बहुतेक उसाखाली गेली आहे. बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग समोरून येत होती; सडकेवर टिपऱ्या सांडल्या होत्या. त्या चुकवीत सायकल हाकणे ही स्वतंत्र विद्या आहे.

वेदगंगा ही भुदरगड तालुक्यात, पाटगावच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. गारगोटी, मुरगूड अशी गावे करीत ती यमगर्णीजवळ हमरस्त्याखालून जाते. महापुरात तो रस्ता बंद पडल्याच्या बातम्यांमुळे ती साऱ्या देशाला ठाऊक झाली; एरवी तिला कोणी विचारीत नाही. सिदनाळच्या बंधाऱ्यावर आम्ही पहिल्यांदा तिला ओलांडले. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांबांच्या खाचांतून पावसाळा सरला की बरगे बसवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढून घेतात. बंधाऱ्यावर दोन माणसे गळतीच्या जागी माती लिंपीत होती. आम्ही विचारले, "बरग्याला कानडीत काय म्हणता?" त्यातील एक कन्नडभाषक होता. तो हसून म्हणाला, "बरगाच की हो. दुसरं काय म्हणायचं?" बंधारा बांधण्याची रीत ज्या भाषेतून आली, त्याच भाषेतून तिचे शब्दही आले. त्यासाठी शासनाचा कोणताही ठराव झाला नव्हता.

उलट दिशेने आलेले शब्दही थोडे नाहीत. शाळेच्या व्याकरणपुस्तकात कानडीतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी असते : अक्का, अण्णा, अडकित्ता, किल्ली, तूप. पुण्याच्या मुलाला ती यादी पाठ करावी लागते. आमच्याकडे ती घरातच असते. अण्णा ओसरीवर बसलेले असतात आणि अक्का तूप कढवीत असते. आम्ही मराठीचा अभिमान बाळगतो तो या शब्दांसह बाळगतो. भाषेच्या प्रश्नावर भांडणाऱ्याने हे आधी मान्य करावे, असे आम्हाला वाटते. कारण आमचे भांडण कानडी या भाषेशी कधीच नव्हते.

या बोलीचे मोल ज्यांनी ओळखले, त्यांत निपाणीचे महादेव मोरे यांचे नाव पहिल्या प्रथम घेतले पाहिजे. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. मोटारीवरचे चालक, गॅरेजमधली पोरे, विड्या वळणाऱ्या बाया यांचे जगणे त्यांनी त्यांच्याच तोंडच्या भाषेत मांडले. 'एकोणिसावी जात' वाचताना आमच्या पिढीला प्रथमच कळले, की आपण घरात जे बोलतो ते पुस्तकातही छापता येते. ते आज हयात नाहीत. मराठीच्या मुख्य बाजारपेठांपासून दूर, दुसऱ्या राज्यात राहून केलेली ही वाङ्मयसेवा आहे, हे पलीकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कुन्नूरच्या वाटेवर एका बांधावर सावली पाहून थांबलो. वैरणीचा भारा उतरवून एक आजी तेथे बसल्या होत्या.

"कुठनं आलासा?"

"निपाणीस्नं. वाडीला चाललोय."

"सायकलवरनं? पेट्रोल लईच म्हाग झालं म्हणायचं."

त्यांचे माहेर पलीकडे, शिरोळ तालुक्यात. सांगू लागल्या, "मी लगीन हून आलो तवा ह्यो बंधारा न्हवता. बैलगाडीतनं उतारानं नदी वलांडून आलो." आजींनी 'मी आले' असे एकदाही म्हटले नाही, 'आलो', 'गेलो', 'राहिलो' असेच म्हटले. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातील स्त्रिया प्रथमपुरुषी बोलताना पुल्लिंगी रूप वापरतात, आणि परगावचा माणूस ते ऐकून हसतो. हसण्याआधी त्याने शेजारच्या भाषेकडे पाहावे. कन्नडात 'नानु बंदे' हे स्त्रीही म्हणते, पुरुषही म्हणतो. प्रथमपुरुषी क्रियापदाला तेथे लिंगच नाही. आमच्या आजींच्या 'आलो'मागे हा शेजार असावा, असे अनेकांचे मत आहे. कारण काहीही असो, ही अशुद्ध मराठी नव्हे. ती नदीकाठची मराठी आहे, आणि 'उतार' म्हणजे नदी पायी ओलांडण्याची जागा हा अर्थ तिने जपून ठेवला आहे. पूल आल्यावर उतार गेले. त्यांचा शब्द अजून एका आजीपाशी आहे.

या शेजाराचा शास्त्रीय अभ्यासही याच टापूत झाला. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील, सीमेलगतच्या एका गावाच्या बोलण्यावर १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. लेखात त्या गावाला त्यांनी 'कुपवार' म्हटले आहे. गावात जैन व लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू बोलत, इतर मराठी बोलत, आणि काही घरांत तेलुगूही होती. शेकडो वर्षांच्या सहवासाने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. तरीही कोणी आपली भाषा सोडली नव्हती. शब्द आपापले राहिले, घरची भाषा घरात राहिली. चौकात मात्र सर्वांचे वाक्य एकाच चालीने चालू लागले. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासात हा निबंध आजही वाचला जातो. त्याचे सार आमच्या मते असे : दोन भाषा शेजारी नांदल्या म्हणून एकीने दुसरीला गिळलेच पाहिजे, असा निसर्गाचा नियम नाही. गिळणे घडते ते अन्य कारणांनी.

ती कारणे भोजमध्ये चहाच्या टपरीवर भेटली. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या संगमाजवळचे हे गाव जैन समाजात आचार्य शांतिसागर महाराजांचे गाव म्हणून पूज्य आहे. टपरीवर एक शेतकरी हातात कागद घेऊन बसला होता. जमिनीचा उतारा होता. नाव त्याचे, आजोबांपासूनची जमीन त्याची. पण कागदावरचे एक अक्षर त्याला वाचता येत नव्हते, कारण ते कन्नडात होते आणि त्याची शाळा मराठीत झाली होती. त्याने तो कागद शेजारी बसलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडे दिला. मुलगा कन्नड शाळेत जाणारा. त्याने अडखळत वाचून दाखवले, आणि मग बापाला त्याचा अर्थ मराठीत समजावला. आम्ही त्या मुलाला आमच्या वहीत स्वतःचे नाव लिहायला सांगितले. त्याने ते सुंदर वळणाच्या कन्नड अक्षरांत लिहिले. "मराठीत लिही की," असे म्हटल्यावर तो बापाकडे पाहू लागला. बाप म्हणाला, "बोलतंय चांगलं, गुरुजी. लिवाय न्हाई येत."

या एका वाक्यात सीमाप्रश्नाची आजची अवस्था आली आहे. बाप वाचू शकतो ते कागदावर नाही. मुलगा लिहू शकतो ते घरात नाही. भारतीय राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी असे राज्यांना सांगितले आहे. ज्या क्षेत्रात एखाद्या भाषिक अल्पसंख्याक समाजाची लोकसंख्या १५ टक्के किंवा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, ही अपेक्षा १९५६ पासूनच नोंदलेली आहे. महाजन आयोगाने तर १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती. तो अहवाल महाराष्ट्राने इतर कारणांसाठी नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. उतारा वाचण्याची गरज मात्र त्या बापाला त्याच सकाळी होती.

भोजहून बेडकिहाळ मागे टाकून सदलग्याला आलो, तोवर ऊन चांगलेच तापले होते. हिंदीत 'मूकमाटी' हे महाकाव्य लिहिणारे जैन आचार्य विद्यासागर यांचा जन्म १९४६ साली याच सदलग्याचा. घरची भाषा कन्नड, गावात मराठी, आणि काव्य हिंदीत. दूधगंगेच्या काठी हे आश्चर्य मानले जात नाही. येथे ज्वारीची भाकरी, झुणका आणि ताक घेऊन आम्ही तासभर पाठ टेकली. खानावळीचे मालक आमच्याशी मराठीत, आतल्या बाईंशी कन्नडात आणि मोबाइलवर हिंदीत बोलत होते. तीन भाषांच्या मधले सांधे ऐकू येत नव्हते.

मलिकवाडच्या पुढे दूधगंगेवर जो बंधारा आहे, त्याच्या एका टोकाला मलिकवाड, दुसऱ्या टोकाला दत्तवाड. अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. तेथे ना कमान, ना नाका, ना पोलीस. कोगनोळीच्या टोलनाक्यावर आंदोलनांच्या दिवसांत जो फौजफाटा आपण पाहतो, त्याची येथे सावलीही नाही. पाण्यात म्हशी डुंबत होत्या, आणि त्यांतील अर्ध्या कोणत्या राज्याच्या हे म्हशींच्या मालकांना तरी सांगता आले असते की नाही, कोण जाणे. दूधगंगेवर वर काळम्मावाडीला जे धरण आहे, तो प्रकल्पही दोन्ही राज्यांचा मिळून झाला आहे. पाणी वाटून घेता येते, हे दोन्ही सरकारांनी मान्य केलेले आहे.

बंधाऱ्यावर समोरून एक मुलगी सायकलवरून येत होती. गणवेश, पाठीला दप्तर, हँडलला डबा. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली होती. आमच्या सायकलींवरचे सामान पाहून ती थांबली. अकरावीत होती, घर अलीकडे, कॉलेज पलीकडे. "इकडं दहावीच्या म्होरं मराठी न्हाई. मग रोज तिकडं जातो," ती म्हणाली, तिच्याही तोंडी तेच 'जातो' होते. "आणि पावसाळ्यात?" आम्ही विचारले. "बंधारा पाण्याखाली गेला की मामाकडं राहतो. दत्तवाडलाच हाय मामा." आणि मामा नसता तर, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत 'अमुक बंधारे पाण्याखाली' अशी यादी येते : कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी. ती यादी आता आम्ही वाहतुकीची बातमी म्हणून वाचू शकणार नाही. तिच्यातील प्रत्येक जोडनावामागे एखाद्या मुलीचे वर्ग बुडत असतील.

दत्तवाडला पोहोचल्यावर पाट्या देवनागरीत आल्या. आमचे तरुण स्नेही एसटीची पाटी मोठ्याने वाचू लागले, आणि आम्हालाही ते वावगे वाटले नाही. आपली लिपी सरकारी पत्र्यावर रंगवलेली पाहण्यातले सुख तिकडच्या लोकांना समजणार नाही. त्यांच्यासाठी ती केवळ पाटी असते. तेथे उसाला पाणी पाजणाऱ्या एका गड्याशी बोललो. म्हणाला, "आमच्या पोरास्नी इंग्लिश मेडियमला घातलंय. मराठी काय, येतीयाच की घरात." ते वाक्य भोजच्या टपरीवरील वाक्याचे सख्खे भावंड होते.

येथे पुन्हा ऱ्हाईनची आठवण झाली. स्ट्रासबूर्ग ज्या आल्सास प्रांतात आहे, तो १८७१ साली जर्मनीत गेला, १९१८ नंतर फ्रान्समध्ये आला, १९४० साली पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेला आणि महायुद्धाच्या अखेरीस परत फ्रान्सचा झाला. एकाच माणसाच्या आयुष्यात चार वेळा राज्य बदलले. लोकांच्या घरातली आल्सासी बोली या सर्व उलथापालथीत टिकून होती. ती ओसरू लागली ती युद्धानंतर, शाळेतून तिला बाहेर ठेवल्यावर आणि आईबापांनी मुलांशी फ्रेंचमध्ये बोलणे प्रतिष्ठेचे मानल्यावर. आज तेथे सीमा खुली आहे, नदीवर सुंदर पूल आहे, आणि आजीची बोली नातवाला येत नाही. प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांच्या रक्षणाची युरोपीय सनद १९९२ साली त्याच स्ट्रासबूर्गमध्ये मान्यतेसाठी मांडली गेली. फ्रान्सने १९९९ साली तिच्यावर सही केली, पण तिला अंतिम मान्यता आजवर दिलेली नाही.

याचा अर्थ सीमा कोठे असावी याला महत्त्व नाही, असा आम्ही काढत नाही. निपाणीचा शेतकरी आपला उतारा आपल्या भाषेत मागतो तेव्हा तो हक्क मागतो, आणि तो मिळेपर्यंत मागत राहिले पाहिजे. परंतु रेषा सरकली म्हणजे भाषा आपोआप वाचली, असे मानून स्वस्थ बसणाऱ्याला आल्सासने उत्तर देऊन ठेवले आहे. भाषा जगते ती शाळेच्या फळ्यावर, कचेरीच्या कागदावर आणि मुलाशी बोलणाऱ्या आईच्या तोंडात. पहिल्या दोन ठिकाणांसाठी सरकारशी भांडावे लागते. तिसऱ्या ठिकाणी सरकार येत नाही.

कुरुंदवाड ओलांडून वाडीला पोहोचलो तेव्हा आरतीची वेळ झाली होती. घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो. पावसाळ्यात कृष्णा येथे गाभाऱ्यात शिरते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या स्नानासाठी लोक दुरून येतात, आणि त्यांत कर्नाटकातून येणारे पुष्कळ असतात. श्रीनृसिंह सरस्वती मूळचे विदर्भातील कारंज्याचे. वाडीला राहून ते पुढे गाणगापूरला गेले, जे आज कर्नाटकात आहे. आणि त्यांचे चरित्र मराठीत ओवीबद्ध करणारे सरस्वती गंगाधर हे कन्नडभाषक होते, असे मानले जाते. महाराष्ट्राची भाषा आपल्याला येत नाही, असे त्यांनी ग्रंथातच म्हटले आहे. घरोघर सप्ताहाला वाचला जाणारा हा मराठी ग्रंथ एका कन्नड घरातून आमच्याकडे आला. जवळच खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातही जुन्या कन्नडातील शिलालेखांच्या शेजारी यादव राजा सिंघण याचा संस्कृत लेख देवनागरीत कोरलेला आहे. दोन्ही अक्षरे एकाच मंदिरात आठशे वर्षे उभी आहेत.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. हिंदीत हा भेद नाही. आजच्या कन्नडातही 'नावु' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. मराठीला हा भेद द्राविड भाषांच्या सहवासातून मिळाला असावा, असे अभ्यासक सांगतात. या लेखात आम्ही सर्वत्र 'आम्ही' लिहिले. शेवटची विनंती मात्र 'आपण' म्हणून करायची आहे.

शिरोळ, कागल, गडहिंग्लज, चंदगडकडील वाचकहो, आपल्या गावच्या मराठी शाळेत सीमेपलीकडून येणारी मुले असतील तर त्यांची चौकशी करू या. पावसाळ्यात बंधारा बुडाल्यावर त्यांची राहण्याची सोय कोणाकडे आहे हे पाहू या. निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, खानापूरकडील वाचकहो, मूल कोणत्याही माध्यमात शिकत असो, रात्री अर्धा तास त्याला देवनागरी गिरवायला बसवू या. आणि दोन्ही काठांवरच्या ज्येष्ठांपाशी जे शब्द आहेत, उतार, बरगे, मळी, पाणवठा, डोह, ते त्यांच्या अर्थांसह वहीत उतरवून घेऊ या. आमच्या वहीत त्या दिवशी चाळीसच्या वर शब्द जमले. त्याच वहीच्या एका पानावर भोजच्या मुलाने कन्नडात लिहिलेले त्याचे नाव आहे. त्याखाली त्याच्या बापाने ते देवनागरीत लिहून दिले, आणि मुलाने वाकून एकेक अक्षर पाहिले.